पित्ताशयाचं ऑपरेशन टोकियोत करू की दिवाळीला पुण्यात?

प्रश्न : वय ३३. दीड वर्षापासून टोकियोत निशी-कासाईला राहतो. आयटी कंपनीत कायम नोकरी आहे, पगार महिना ३,६०,००० येन. सप्टेंबरमध्ये एका रात्री पोटात असह्य कळ आली आणि तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. ऑक्टोबरमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाका, असं डॉक्टर म्हणतात. हॉस्पिटलने एकूण खर्च सुमारे ७ लाख येन सांगितलाय. स्वतंत्र खोली हवी तर दिवसाला १५,००० येन वेगळे. पुण्यात हेच १ लाख ४० हजार रुपयांत होतंय. दिवाळीसाठी १८ ऑक्टोबर २०२५ची तिकिटं काढलेली आहेत, आणि आई म्हणते इकडेच करून घे. इथे हाताशी ३ लाख येन आहेत, रजा १२ दिवस शिल्लक आहे. पुण्यातली ६ लाख रुपयांची एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईतून केलेली मुदत ठेव) मोडावी म्हणतो. ती आठ महिन्यांपूर्वी केली होती.

उत्तर : एफडीला हात लावू नका. एनआरई ठेव वर्ष भरायच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. ७ टक्क्यांनी धरलं तरी आठ महिन्यांचे सुमारे २८ हजार रुपये पाण्यात जातील, आणि तेही ज्या बिलाच्या धास्तीने मोडताय ते बिल तुमच्यापर्यंत येणारच नाही.

परदेशात ऑपरेशन म्हटलं की आपल्याला अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बिलांच्या कहाण्या आठवतात. जपानचं गणित वेगळं आहे. पगारातून दरमहा आरोग्य विम्याचा हप्ता कापला जातो आणि कंपनी तेवढाच भरते. त्या बदल्यात एकूण खर्चाचा ३० टक्के वाटा तुमचा. ७ लाखांचे झाले २,१०,०००. पण त्यावरही मर्यादा आहे. तिथे तिला ‘कोगाकु र्योयोही’ म्हणतात. तुमच्या पगाराच्या गटाला एका महिन्यात भरायची कमाल रक्कम २०२५च्या नियमाने अशी काढतात : ८०,१०० येन, अधिक एकूण खर्चातून २,६७,००० वजा करून जे उरेल त्याचा १ टक्का. तुमच्या बाबतीत हा १ टक्का ४,३३० येन होतो. म्हणजे एकूण ८४,४३० येन. शंभर येनला ५८ रुपये धरले तर साधारण ४९ हजार रुपये. हॉस्पिटलच्या खिडकीवर माय नंबर कार्ड (जपानचं सरकारी ओळखपत्र) आरोग्य विम्यासाठी वापरलंत तर तेवढेच मागतात. ते जोडलेलं नसेल तर विमा संस्थेकडून ‘गेन्दोगाकु तेकियो निन्तेइशो’ हे मर्यादेचं प्रमाणपत्र आधीच मागवून घ्या. नाहीतर आधी २,१०,००० भरायचे आणि वरचे पैसे परत यायची काही महिने वाट बघायची. तेवढे तुमच्याकडे आहेत, पण उगाच का अडकवायचे?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी हॉस्पिटलमध्ये कोणी आपणहून सांगेलच असं नाही. ही मर्यादा १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कॅलेंडर महिन्याला लागते. ऑपरेशन महिन्याच्या शेवटी झालं आणि समजा साडेपाच लाखांचं बिल ऑक्टोबरमध्ये, दीड लाखाचं नोव्हेंबरमध्ये पडलं, तर ऑक्टोबरचे ८२,९३० आणि नोव्हेंबरचे ३० टक्क्यांनी ४५,०००, मिळून १,२७,९३० येन. शस्त्रक्रिया तीच, तीन-चार दिवसांच्या फरकाने ४३,५०० येन जादा. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख मागा. दुखणं पुन्हा उसळलं तर मात्र तारखेचा विचार न करता थेट हॉस्पिटल गाठा.

पुण्याचे १ लाख ४० हजार पूर्ण तुमच्या खिशातून जातील. भारतातल्या नोकरीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरी सोडताना संपला असणार, आणि आज नवीन पॉलिसी घेतलीत तरी पित्ताशयाच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षा काळ असतो, शिवाय आता निदानही झालंय. जपानचा विमा परदेशातल्या उपचारांचे काही पैसे देतो खरा, पण तिकडे असताना अचानक आजारी पडलात तरच. उपचारासाठी म्हणून गेलात तर नाही. तिकिटं आधीच काढली आहेत, त्यामुळे त्यांचा खर्च मी पुण्याच्या बाजूला धरलेला नाही. तरीही टोकियो निम्म्याहून स्वस्त पडतं.

स्वतंत्र खोलीचे पैसे विम्यात आणि वरच्या मर्यादेत येत नाहीत. तुम्ही स्वतः खोली मागून संमतीच्या कागदावर सही केलीत तरच ते लागतात, त्यामुळे दाखल होताना पुढे येणाऱ्या प्रत्येक कागदावर पटापट सह्या करू नका. चौघांची खोली चालेल म्हणा. जेवणाचे ताटामागे ५१० येन (२०२५चा दर) वेगळे, चार दिवसांचे सहा हजारांच्या आसपास. बिलासाठी जामीनदार मागतील. कंपनीतल्या एचआरला विचारा, बहुतेक तिथेच सोय होते.

रजेचं गणित पाहू. दिवाळीला कामाचे आठ दिवस जातील असं धरतो. ६ ऑक्टोबरला दाखल होऊन १७ तारखेपर्यंत डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितलं, तर आजारपणाचा भत्ता, ‘शोब्यो तेआतेकिन’, मिळतो. पहिले तीन दिवस प्रतीक्षेचे, त्यात भरपगारी रजा चालते. चौथ्या दिवसापासून रोज पगाराच्या दोन तृतीयांश, तुमच्यासाठी ८,००० येन. ९ ते १७ असे नऊ दिवस, शनिवार-रविवार धरून, ७२,००० येन, आणि यावर कर नाही. कंपनीचा त्या दिवसांचा पगार बुडतो, त्यामुळे भरपगारी रजेपेक्षा थोडं कमीच पडतं. पण प्रतीक्षेचे तीन आणि दिवाळीचे आठ मिळून अकराच दिवस होतात, तुमची बारा दिवसांची रजा पुरते. अर्जात डॉक्टरांनी भरायचा एक भाग असतो, तो घरी येण्याआधीच सांगून ठेवा. आणि एक स्पष्ट सांगतो : भत्ता फक्त डॉक्टरांनी दाखवलेल्या दिवसांचा. पुण्यात फराळ करत बसलेले दिवस त्यात घालू नका.

आईच्या म्हणण्यात पैशांपलीकडचं काहीतरी आहे, ते मला दिसतं. ऑपरेशननंतर पहिला आठवडा घरात मऊ भात करून देणारं माणूस हवं. पण त्यासाठी तुम्ही तिकडे जायची गरज नाही. आईला बोलवायचं असेल तर एकच अट : पुण्यातून निघण्यापूर्वी तिचा परदेश प्रवास विमा काढा, जुनी दुखणी खरीखरी लिहून. तुमच्या विम्याचं छत्र पाहुण्यांवर नाही.

पावत्या जपून ठेवा. वर्षभरात घरातल्या सगळ्यांचा स्वतः भरलेला वैद्यकीय खर्च १ लाख येनच्या वर गेला तर वरच्या रकमेवर करसवलत मागता येते. तुम्ही ९० हजारांच्या आसपास पोचलाच आहात, दाताच्या एखाद्या कामाने पलीकडे जाल. परताव्याचा अर्ज पाच वर्षांपर्यंत करता येतो.

उद्या हॉस्पिटलला फोन करून ६ तारखेची जागा विचारा. शल्यविशारदांना १८ तारखेच्या विमानाचं तिकीट दाखवा आणि प्रवास चालेल का ते कागदावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर तारीख बदलायचे पैसे भरून मोकळे व्हा. लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे, थोडं उशिरा पोचलात तरी आई चकल्या राखून ठेवेल. मात्र तळलेलं कधी खायचं, तेही त्याच डॉक्टरांना विचारून घ्या.