जुन्या घाटाची रायफल: १८७३ घ्यावी की १८९२?

प्रश्न (डॅलस): काउबॉय ॲक्शन शूटिंग (जुन्या अमेरिकी काउबॉय काळाच्या बंदुकांची नेमबाजी स्पर्धा) नुकतंच सुरू केलंय. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या १८७३ मॉडेलच्या रायफलीची प्रतिकृती घेऊ की १८९२ ची? १८९२ जास्त मजबूत असते म्हणतात.

खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. जॉन ब्राउनिंग या रचनाकाराच्या १८९२ मध्ये दोन उभ्या पोलादी पट्ट्या वर चढून बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) जखडतात, त्यामुळे .४४ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसाचा दाबही ती पेलते. १८७३ च्या बोल्टला आधार असतो कोपरासारख्या दुमडणाऱ्या सांध्यांचा. रचना दुबळीच. पण आपण पोलादी पाट्यांवर मारतो, तेही जवळून, शिशाच्या गोळ्या आणि बेताची दारू भरून. तिथे लागतो तो वेग.

१८७३ मध्ये काडतूस ठोकळ्यात आडवं बसून लिफ्टसारखं सरळ वर येतं आणि बोल्ट ते सरळ आत ढकलतो. १८९२ मध्ये ते तिरकं चढतं; घाईत लिव्हर (ट्रिगरपाशी असलेला, खाली-वर करून नवं काडतूस चढवायचा दांडा) अर्धवट ओढली की अडकलंच समजा. शिवाय १८७३ चे सांधे बदलून लिव्हरचा पल्ला आखूड करता येतो. एकदा तशी रायफल हातात घेतलीत की दुसरी नको वाटेल.

आता कुणाची? इटलीच्या उबेर्तीची, की विंचेस्टरच्या नावाने विकली जाणारी जपानी मिरोकूची? लाकूड आणि पॉलिश मिरोकूचं उजवं. तरी स्पर्धेसाठी मी उबेर्तीच घेईन. सुटे भाग आणि त्यावर हात बसलेले कारागीर सहज मिळतात. खिसा हलका असेल तर ब्राझीलची रॉसी ९२ आहे, पण ती आतून घासून गुळगुळीत करून घ्यावी लागते. बोल्टवर सेफ्टीचा (चुकून बार होऊ न देणारा) खटका असेल, तर तो मात्र डोळ्यांत खुपतो.

प्रश्न (न्यू जर्सी): काडतूस कुठलं? मला .४५ कोल्टच हवंय, अस्सल वाटतं.

गंमत अशी की मूळ १८७३ रायफल .४५ कोल्टमध्ये कधी निघालीच नाही! अस्सल म्हणजे .४४-४०. त्याची पुंगळी पातळ असते, दाबाने फुगून चेंबरला (काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटते, म्हणून काजळी मागे येत नाही. .४५ ची जाड पुंगळी हलक्या दारूवर तशी फुगत नाही आणि धूर तोंडावर येतो. पण .४४-४० घरी भरताना पुंगळीचं तोंड सहज चुरगळतं. नवशिक्याने मुकाट्याने .३८ स्पेशल घ्यावं: स्वस्त, धक्का नावालाच.

आणि गोळी चपट्या नाकाचीच. नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या नळीत) एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकलेलं असतं; टोकदार गोळीने तिथेच बार उडू शकतो.

प्रश्न (डॅलसहूनच): १८६० ची हेन्री रायफल फार देखणी दिसते…

दिसतेच. पण नळीखाली लाकूड नाही, दहा-वीस बार झाले की डावा हात पोळतो. काडतुसं संपत जातात तसा मॅगझिनचा खटका (काडतुसं ढकलणाऱ्या स्प्रिंगचं बाहेर आलेलं टोक) मागे सरकत येऊन त्याच हातावर अडतो, मग पकड बदलत बसा. बरेचजण आत लाकडाचा गट्टू घालून हे टाळतात. भरताना खटका हातातून सुटू देऊ नका, सावकाश खाली आणा. आपटला तर काडतूस उडू शकतं.

प्रश्न (कोल्हापूर): ऑलिम्पिकमध्ये अशा रायफली का नसतात?

तिथले प्रकारच वेगळे. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ते ५० मीटरवर, .२२ च्या रायफलीने, गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून. एकेक गोळी हाताने भरायची. तिथे लिव्हर काय करणार?