बाळाचा उजवा कान जन्मतः अर्धवट आहे, छिद्रही नाही. काय करावं?

बाळ दोन महिन्यांचं, डावा कान चांगला, आणि घरात मात्र सुनेनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं ही बोलणी. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासण्या करणारी तज्ज्ञ आहे, म्हणून आधी या बोलण्यांबद्दलच सांगते. कानाची पाळी गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना सहा बारीक उंचवट्यांतून घडू लागते. तिथे काय बिनसलं ते बहुतेक वेळा कळतच नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या औषधांनी किंवा आईच्या आधीपासूनच्या मधुमेहानं धोका वाढतो, ग्रहणानं नाही. घरच्यांना हे वाचून दाखवा. तुमच्या पत्नीचा काहीही दोष नाही.

याला मायक्रोशिया म्हणतात. छिद्र बंद असल्यानं आवाज आत पोचत नाही, पण आतला कान वेगळा घडतो, त्यामुळे तो बहुधा शाबूत असतो. खात्रीसाठी दोन्ही कानांची बेरा चाचणी करा; आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, ते तिच्यात डोक्याला तारा चिकटवून पाहतात. उजव्या कानाची कानामागच्या हाडातून आवाज देऊनही करून घ्या, म्हणजे बंद छिद्र टाळून आतला कान तपासता येतो. या वयात बाळ दूध पिऊन झोपलं की ती सहज होते. पुढे झोपेचं औषध द्यावं लागतं.

मला जास्त काळजी डाव्या कानाची वाटते. एक कान ऐकतो ना, मग झालं, असं म्हणून पालक निघून जातात. लहान मुलांना सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं काही आठवडे कमी होतं. तुमच्या बाळाचा तर भरवशाचा कान तो एकच. म्हणून दर काही महिन्यांनी तो तपासा, त्यात तेल घालू नका, सर्दी रेंगाळली तर ईएनटीकडे जा. डोक्याला पट्ट्यानं बांधायचं, हाडातून ऐकवणारं यंत्र मिळतं. एकच कान बंद असताना ते लावावं का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मी म्हणेन, लावून पाहा.

जबड्याची तीच बाजू लहान आहे का, बुबुळाच्या कडेला पांढरट गाठ आहे का, मानेवर बारीक छिद्र आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना पाहू द्या. यातलं काही असेल तर मणका, हृदय, मूत्रपिंडंही तपासतात. मूत्रपिंडांची सोनोग्राफी मी तरी एकदा करूनच घ्यायला सांगते.

नवा कान फासळीच्या कूर्चेपासून करतात, साधारण आठ ते दहा वर्षांचं झाल्यावर, कारण तेवढी कूर्चा आधी नसते. आत्ताच छिद्र पाडून देतो असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बेरासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबई जवळ असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेत जा.