भगंदरावर लेसर उपचार घ्यावा का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून माझे वय 42 आहे. गेल्या वर्षी गुदद्वाराजवळ गळू झाले होते. ते भुसावळला चिरा देऊन मोकळे केले. परंतु त्याच जागेतून अजूनही अधूनमधून पू येतो. भगंदराचे निदान झाले आहे. ‘कापाकापी नाही, लेसरने कायमचा इलाज’ अशी जाहिरात वाचली. लेसर करून घ्यावे का?

उत्तर : गुदमार्गाच्या आत असलेल्या बारीक ग्रंथीला जंतुसंसर्ग होऊन गळू झालेले असते आणि आतले तोंड उघडेच राहिले, तर तेथून बाहेरच्या कातडीपर्यंत नळीसारखा मार्ग तयार होतो; हेच भगंदर. त्यामुळे नुसत्या गोळ्यांनी किंवा मलमाने भगंदर बरे होत नाही. लेसर पद्धतीत या मार्गात बारीक फायबर घालून, तो हळूहळू मागे घेत, सर्व बाजूंनी उष्णता दिली जाते. आतले अस्तर नष्ट होऊन मार्ग आक्रसतो. शौचावर ताबा ठेवणारा स्नायू यात कापला जात नाही, हा तिचा खरा आणि मोठा फायदा आहे.

मात्र ‘कायमचा’ या शब्दावर विसंबू नका. आतापर्यंतच्या अनुभवानुसार लेसरने साधारणपणे 100 पैकी 60 ते 70 रुग्ण बरे होतात; उरलेल्यांना पुन्हा उपचार करावे लागतात. मार्ग वरवरचा असेल, तर तो उघडा करण्याची जुनी शस्त्रक्रिया 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांत यशस्वी होते आणि बहुधा स्वस्तही पडते. क्षारसूत्राचाही, म्हणजे औषधी क्षार लावलेला दोरा मार्गात बांधण्याच्या आयुर्वेदिक उपचाराचाही, विचार अवश्य करावा : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1991 मधील अभ्यासात त्यानंतर भगंदर उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी आढळले, जखम भरायला मात्र जास्त काळ लागला.

म्हणून आधी एमआरआय करून घ्या आणि शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारा, की मार्ग स्नायूच्या किती भागातून जातो, त्याला फाटे आहेत का आणि आत पू साठला आहे का. पू साठला असेल, तर आधी तो काढून, पू वाहता राहावा म्हणून काही आठवडे मार्गात साधा दोरा ठेवावा लागतो. आपल्याकडे क्षयामुळेही भगंदर होते. लेसरने ऊती जळून जात असल्याने तपासणीसाठी तुकडा त्यापूर्वीच घेतला जाईल, याची खात्री करा. रक्तातील साखरही तपासा. ताप येऊन ठणका वाढला, तर केळीची कापणी चालू असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.