ट्रिप्लेटला 'तिगुन' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकताना तीन सूर आडव्या रेघेने जोडलेले आणि त्यावर ३ चा आकडा असा गट दिसतो, त्या ट्रिप्लेटला मराठीत तिगुन म्हटलं तर चालेल का.

मला विचाराल तर नको. तिगुन हा लयीचा शब्द आहे, अख्खा ठेका किंवा बंदिशीची ओळ एकेका मात्रेत तीन-तीन मात्रा बसवत म्हटली की ती तिगुन. ट्रिप्लेटचं तसं नाही, एरवी जिथे दोन सूर येतात तिथे या एका जागी सारखे तीन आलेत, बास, पुढच्या मात्रेला परत दोनच असतील. तबलेवाले मात्रेचे तीन भाग केले की तिस्र म्हणतात, तो शब्द इथे जास्त चपखल बसतो.

पण नुसता ३ चा आकडा शोधायची सवय लागली की ६/८ मध्ये (सहा एट्थ नोटांच्या पाश्चात्त्य तालात) हमखास घोळ होतो, तिथेही सूर तीन-तीन जोडलेले असतात पण वर आकडा नाही, कारण मूळ ठोकाच तीन भागांचा आहे. कागदावर सहा एट्थ नोट (पूर्ण सुराच्या आठव्या भागाएवढे सूर) काढून बघा. रेघेने ३-३ जोडल्या तर ते ६/८, ठोके दोन, दादऱ्यासारखं धा धिं ना, धा तिं ना म्हणता येतं. त्याच सहा २-२-२ अशा जोडल्या की ३/४, ठोके तीन! सूर तेच, एकूण लांबी तेवढीच, रेघ कुठे तुटते त्यावर वजन कुठे पडतं ते कळतं. म्हणून वाचताना सूर मोजत बसू नका, रेघ कुठे तुटली ते आधी बघा.

त्या रेघेला मी सरळ बीमच म्हणतो. आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलिपीत हेच काम सुरांखालचा अर्धचंद्र करतो, सारेगम खाली तो असला की चारही सूर एका मात्रेत. मात्र स्टाफ नोटेशनमध्येही तशीच कमान असते, स्लर, आणि सुरांच्या दांड्या वर असल्या की ती बरेचदा खालीच येते. तिचा मात्रेशी संबंध नाही, ते सूर न तोडता सलग घ्यायचे एवढंच ती सांगते, आपल्याकडे तिच्या जवळची खूण म्हणजे सुरांच्या वर काढतात ती मींडेची (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची) कमान.