तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: भुकेल्या जगात हसायचं का?

मागच्या अंकात अंगणवाडीतल्या पोषण आहाराबद्दल लिहिलं होतं, त्यावर इंदूरहून बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे अर्धी पत्रं भुकेबद्दल आहेत तर अर्धी हसण्याबद्दल. आधी वाटलं दोन वेगळे अंक करावेत. पण लहान मुलांच्या वॉर्डात जिने काम केलंय तिला हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत, म्हणून सगळं एकत्रच घेतेय.

प्रश्न: मी रिटायर्ड बँकवाला. सकाळी बगीच्यात आमचा हास्यक्लब असतो, तिथून आलो की दिवस चांगला जातो. परवा नात म्हणाली, आजोबा, तिकडे गाझात सुदानमध्ये लेकरं उपाशी मरतायत आणि तुम्ही लोक हात वर करून हा हा हा करता, कसं जमतं तुम्हाला? तेव्हापासून पाय निघत नाहीये. हसण्याने तब्येतीला खरंच काही होतं का, की सगळी मनाची समजूत? — एक आजोबा, राजेंद्रनगर

उत्तर: आजोबा, नातीवर रागवू नका हं. तिने जे म्हटलं ते खरं आहे. सुदानमध्ये उत्तर दार्फूरच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ असल्याचं जाहीर झालं, मग ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात. आणि यात पाऊस पडला नाही वगैरे काही नाही, दोन्हीकडे कारण युद्धच. अन्न होतं, ते पोचू दिलं गेलं नाही. ज्या मुलीला या वयात याचा त्रास होतो तिचं मला कौतुकच वाटतं. पण तुम्ही बगीच्यात गेला नाहीत म्हणून तिकडे एक घास जास्त पोचणार नाहीये, तेव्हा जात राहा, आणि नातीशी या विषयावर बोलत राहा, गप्प बसू नका.

आता हसण्याचं. हे क्लब आपल्याकडे मुंबईत सुरू झाले, १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली, आधी जोक सांगायचे, मग जोक संपले (आणि काही जोक कोणाकोणाला लागायला लागले) तेव्हा नुसतं हसण्याचा व्यायाम सुरू केला. फायदा काय, तर ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी लोकांना कॉमेडी दाखवून आधी आणि नंतर ते किती वेदना सहन करतात हे मोजलं, पोटभर हसल्यावर लोक जास्त वेळ सहन करू शकले. अंगात एंडॉर्फिन नावाची जी वेदनाशामक द्रव्यं तयार होतात त्यांचा हा परिणाम असावा असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत मेरीलँडला २००५ मध्ये एका टीमने बघितलं की विनोदी सिनेमा बघताना रक्तवाहिन्या सैलावतात आणि ताण देणारा सिनेमा बघताना आकसतात, पण त्यात माणसं फक्त २० होती, म्हणून त्याच्यावर फार मोठा इमला बांधू नका. आणखी एक, तुम्हाला आवडेल असं: रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक शास्त्रज्ञ होते, त्यांना दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्यापेक्षा चारचौघांत साधारण ३० पट जास्त हसतो. म्हणजे क्लबातला निम्मा फायदा मला तर मित्रांचाच वाटतो, सकाळी उठून बाहेर पडायला कारण मिळतं, एखादा दोन दिवस आला नाही तर कोणीतरी फोन करतं.

बीपीची गोळी मात्र बंद करायची नाही. नॉर्मन कझिन्स नावाच्या अमेरिकन संपादकाची गोष्ट व्हॉट्सअपवर फिरत असते, १९६४ मध्ये ते मणक्याच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि विनोदी फिल्म बघून बरे झाले म्हणून. त्यांनी स्वतः १९७६ मध्ये जे लिहिलं त्यात एवढं आहे की दहा मिनिटं खळखळून हसलं की त्यांना दोन तास वेदनेशिवाय झोप लागायची. ते सोबत व्हिटॅमिन सी पण भरपूर घेत होते. एका माणसाचा अनुभव आहे हा, त्याला औषध म्हणता येत नाही. आणि वजन कमी होतं म्हणणाऱ्यांसाठी, रोज १०-१५ मिनिटं खरंखुरं हसलं तर १० ते ४० कॅलरी जळतात, क्लब संपल्यावर पोहे-जलेबी खाल्ली की त्याच्या कितीतरी पट परत येतात.

प्रश्न: मॅडम, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतोय. एका बाजूला गोदामं भरलेली आणि एका बाजूला भूक, हे नक्की काय आहे? जगात धान्य कमी पडतंय का? — एक विद्यार्थी, भंवरकुआं

उत्तर: नाही पडत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते, आणि साधारण २६० कोटी लोकांना पौष्टिक जेवण परवडत नव्हतं. हा दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. पोट भरलेलं असतं, भात-पोळी मिळते, पण डाळ, दूध, अंडं, भाजी, फळ नाही. तिकडे २०२२ मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं, ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नाच्या १९ टक्के, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून.

परीक्षेत अमर्त्य सेन यांचं नाव नक्की लिही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे, आणि सेन यांनी दाखवलं की त्या वर्षी धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं. भाव चढले, शेतमजूर, कोळी, न्हावी यांच्या हातात पैसाच राहिला नाही, धान्य बाजारात समोर होतं आणि ते घेता येत नव्हतं. आपल्याकडे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, माणशी महिन्याला ५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट. त्याने खूप मोठा आधार झालाय हे मी वस्त्यांमध्ये बघितलंय. पण गहू-तांदळावर लहान मूल वाढत नाही रे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. म्हणजे तीनात एकापेक्षा जास्त.

प्रश्न: मी एनएसएसमधून वस्तीत शिकवायला जाते. तिथली मुलं इतकी हसरी आहेत की आमच्या कॉलनीतली मुलं त्यांच्यापुढे रडकी वाटतात. मग वाटतं गरिबीत पण आनंद असतोच ना, आपण उगीच दया दाखवतो का? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर: दया नकोच, बरोबर आहे तुझं. पण "गरीब असून किती आनंदी" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण ते म्हटलं की पुढे काही करायची गरजच उरत नाही.

तुला एक प्रयोग सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लोक उपासमारीने खंगले होते आणि त्यांना परत खायला कसं घालायचं हे कोणाला नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण घेतले, युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली मुलं होती ती, स्वखुशीने आलेली. १९४५ मध्ये त्यांना २४ आठवडे साधारण अर्धंच जेवण दिलं, बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असलं, आणि वर आठवड्याला २२ मैल चालायचं. वजन जवळजवळ पाव भाग उतरलं. पण मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वजनाचं काही वाटलं नाही, पुढचं वाचून बसून राहिले. ही शिकलेली, गप्पिष्ट मुलं हळूहळू बोलेनाशी झाली, थट्टामस्करी थांबली, एकमेकांवर चिडायला लागली, कोणी ताटं चाटतंय, कोणी स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून तीच वाचत बसलंय, राजकारण, मुली, सिनेमा कशात रस राहिला नाही. विनोदबुद्धी गेली असं स्पष्ट नोंदवलेलं आहे. जेवण वाढवल्यावरही मन लगेच परत आलं नाही, महिने लागले.

त्यामुळे वस्तीत जी मुलं खिदळत तुझ्या अंगावर येतात त्यांचं छानच आहे, त्यांचं पोट निदान कामापुरतं भरतंय. तू बघ भिंतीला टेकून बसलेल्या मुलाकडे. जे खेळायला उठत नाही, खाऊ दिला तरी हात पुढे करत नाही, गुदगुल्या केल्या तरी चेहरा हलत नाही, त्याला लोक "शहाणं आहे हो, त्रास देत नाही" म्हणतात. त्या शहाण्या मुलाचा दंड मोजायला अंगणवाडी ताईंना सांग. त्यांच्याकडे रंगीत पट्टी असते, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे अतिगंभीर कुपोषण. साडेअकरा सेंटीमीटर किती असतं ते तू घरी टेप घेऊन गोल करून बघ एकदा. आणि दोन्ही पावलांवर सूज असेल, बोट दाबलं की खळगा पडत असेल, तर पट्टीची पण वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

प्रश्न: आमचा नाटकाचा ग्रुप आहे. जोकर बनून एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वास केंद्रात जायचा विचार आहे, पण एक जण म्हणाला तिथे मुलांना दूध-केळी द्या, नाक लाल करून काय होणार. बरोबर आहे का? — रामबाग

उत्तर: तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर मला मनापासून बोलायचंय.

दूध-केळी तुम्ही न्यायची नाहीत, प्लीज. गंभीर कुपोषित मुलाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. तिथे सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध असतं, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्री पण. आई झोपेतून उठून वाटी-चमच्याने पाजत असते. त्यात तुमचा लाडू नको.

पण खेळ हवाच, आणि हे माझं एकटीचं मत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर कुपोषणाच्या उपचाराच्या दहा पायऱ्या सांगितल्यात, साखर कमी होऊ न देणं, ऊब, पाणी, इन्फेक्शन वगैरे, आणि त्यातली नववी पायरी आहे मुलाला खेळवणं, बोलणं, माया करणं. दिवसाला १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळ. औषधाच्याच यादीत आहे हे. जमैकात किंग्स्टनला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं घेतली. काहींना दुधाची पावडर, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर कोणीतरी जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायचं, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. १९९१ मध्ये निकाल छापून आले, दोन्ही मिळालेल्या मुलांची बौद्धिक वाढ सगळ्यात चांगली. पुढे वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्याशी खेळलं गेलं होतं ती मुलं बाकीच्यांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त कमावत होती. खेळणी कसली म्हणाल तर घरातलीच, डबे, बाटल्यांची झाकणं, असलं.

वॉर्डात नर्सबाई वजनाचा तक्ता बघतात तसंच मुलाचं तोंड पण बघतात. आधी भूक परत येते, चमच्याकडे हात जातो, मग एखाद्या सकाळी ते पोर आईच्या पदराआडून बघून हसतं, आणि आख्ख्या वॉर्डाला कळतं. बाजूच्या खाटेवरच्या बाया पण बोलवून बोलवून दाखवतात.

तर जा, पण एवढं करा. इन्चार्जची परवानगी, सर्दी-खोकला असलेला कोणी जाणार नाही, हात साबणाने धुवायचे. पहिल्या दिवशी रंगीत विग आणि लाल नाक ठेवून द्या, आजारी लहान मुलं घाबरतात, नाक चढवायचंच असेल तर त्यांच्या समोर चढवा. ढोल-बिल नको. फोटो काढायचे नाहीत, उघड्या बरगड्यांचे तर अजिबात नाही. आणि मुख्य म्हणजे मुलाला हसवून निघून येऊ नका, आईला सोबत घ्या, बऱ्याचशा आया रोजंदारी बुडवून, घरी दोन लेकरं ठेवून आलेल्या असतात, त्यांना पण कोणी विचारलेलं नसतं. टाळ्या, डबा वाजवणं, बुवा-कुक, निमाडी नाहीतर माळवी बोलीतलं बडबडगीत, आईला येत असेल तेच तिच्याकडून म्हणून घ्या. तुम्ही गेल्यावर ते चालू राहायला हवं. वॉर्डातून सुट्टी झाली की घरी परत तीच रिकामी डबी असते, त्यामुळे ग्रुपला जमलं तर तुमच्या भागातल्या दोन-तीन मुलांच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारा, फॉलोअपच्या तारखेला आईला घेऊन जा. नाटक करण्याइतकंच अवघड आहे ते आणि त्याला प्रेक्षक नसतात.

प्रश्न: माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, शिवाय हसलं की थोडी लघवी होते, लाजेने भिशीला जाणं सोडलंय. — वय ६३, तुकोगंज

उत्तर: भिशी सोडू नका हो. हसण्याचे त्रास पण असतात, २०१३ मध्ये ब्रिटनच्या एका मेडिकल जर्नलमध्ये त्यांची यादीच आली होती, दमा उसळणं, चक्कर, हर्निया, आणि तुम्ही लिहिलंय तेही. ऑपरेशनचे टाके भरेपर्यंत हसताना-खोकताना पोटावर उशी दाबून धरा, आणि जोराच्या हास्यव्यायामाला कधी जायचं ते सर्जनला विचारा. लघवीच्या त्रासाला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून तीन वेळा, दर वेळी आठ-दहादा आवळायचे आणि सोडायचे, निदान तीन महिने. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करू नका. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, बाळंतपणं झालेल्या खूप बायकांना हे असतं आणि त्यावर उपचार आहेत. तोपर्यंत पॅड लावून जा.