लेझरचे चटके आणि आजीचं गोंदण

"म्याडम, भज्याच्या कढईतलं तेल उडल्यावानी चटके लागते. मी काही परत जात नाही."

हिंगणघाटकडच्या खेड्यातला २२ वर्षांचा पोरगा (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). उजव्या हातावर जत्रेत गोंदवून घेतलेलं नाव. निमलष्करी भरतीत सलामीच्या हातावर टॅटू चालत नाही, म्हणून तो काढायला शहरात जाऊन एकदा लेझर मारून आला आणि धसका घेऊन बसला.

'लेझरनं किती दुखतं?' हे मला पुष्कळ जण विचारतात. दुखतंच. पण मी आधी त्या दिवसाचं विचारते.

"बधिर करायचं मलम लावलं होतं?"

"लावलं ना. काही फायदा नाही झाला."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असन."

इथंच घोळ होता. लिडोकेन-प्रिलोकेनच्या मलमाचा जाड थर देऊन वर प्लास्टिकची पट्टी लावतात आणि साधारण तासभर थांबतात, तेव्हा कुठे कातडी बधिर होते. म्हणून घरूनच हातभर चोपडून निघायचं, असंही नाही. जास्त जागेवर लावलं तर औषध रक्तात उतरून त्रास होतो. किती लावायचं ते डॉक्टरच सांगतील.

शिवाय तो गेला होता नवतपात, वखरणी करून करपलेला हात घेऊन. उन्हानं काळवंडलेली कातडी शाईबरोबर स्वतःही लेझर शोषते. चटका वाढतो, फोड येतात, डाग राहतात. त्याला फोड आलेच होते. खरं तर त्या दिवशी त्याला परत पाठवायला हवं होतं.

"मग 'थांबा' का नाही म्हटलंस?"

मान खाली. आजीच्या कपाळावर, हातांवर गोंदण आहे. ती म्हणाली होती, "आमी सुया टोचून घेतल्या, हूं नाही केलं."

आजी मोठी धीराची, पण तिच्याशी कसली बरोबरी? आम्ही ठरवलं: पावसाळ्यानंतर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायचं. सकाळच्या एसटीनं, म्हणजे मलमाला तास मिळतो. गार हवेचं यंत्र नाहीतर बर्फाची पिशवी आधीच विचारून ठेवायची. हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. बैठका सहा-आठ, कधी जास्तही लागतात आणि दोन बैठकांत सहा-आठ आठवडे जातात. त्यामुळे भरतीचा हिशेबही तेव्हाच मांडला.

डिसेंबरात आला. "दुखलं. पण दोनदा थांबवलं."

मग हळूच म्हणाला, "आजीले नाही सांगतलं."