पोपांच्या सचित्र इतिहासातले चेहरे खरे असतात का?

तुम्ही विचारलंय की पोपांचा एखादा सचित्र इतिहास घ्यायचाय, पण त्यात पहिले पोप मानले जाणारे सेंट पीटर यांच्यापासून ओळीने सगळ्यांचे चेहरे छापलेले दिसतात, ते खरे कसे असतील. शंका रास्त आहे. पहिल्या हजार वर्षांतल्या बहुतेक पोपांना समोर बसवून कोणी चित्र काढलेलंच नाही, त्यामुळे ज्या पुस्तकात चित्राखाली नुसतं नाव आहे, कोणी काढलं कधी काढलं काहीच नाही, ते कितीही गुळगुळीत कागदावर असलं तरी घेऊ नका.

ते गोल गोल चेहरे बऱ्याचदा रोमच्या तटाबाहेरच्या सेंट पॉल बॅसिलिकातले, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमधले असतात, तिथे खांबांच्या वर रांगेने सगळे पोप आहेत. मूळ मालिका पाचव्या शतकातली, भिंतीवर रंगवलेली, पण 1823 च्या आगीत बॅसिलिकाच जळाली आणि पोप पायस नववे यांनी 1847 मध्ये मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जोडून, नवी मालिका करायला घेतली. म्हणजे सुरुवातीचे पोप लायनस म्हणून आपण बघतो तो चेहरा एकोणिसाव्या शतकातला. छापील पुस्तकांतही तेच. जर्मनीतल्या न्युरेंबर्गला 1493 मध्ये निघालेल्या जगाच्या इतिहासात 1800 च्या वर चित्रं आहेत पण ती छापायचे लाकडी ठसे साडेसहाशेच्या आसपास, एकच ठसा वेगवेगळ्या लोकांना लावलाय, आणि पोप जोन नावाची बाईसुद्धा मूल घेऊन त्यात आहे, जी आज दंतकथा मानतात.

पण जुनं सगळंच काल्पनिक असंही नाही. रोमच्या सांता प्रासेदे चर्चमध्ये साधारण 820 च्या मोझेकमध्ये पोप पास्काल पहिले हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन उभे आहेत, शेजारच्या संतांच्या डोक्यामागे गोल वलय आणि यांच्या मागे चौकोनी. चौकोनी म्हणजे ते काम चाललं तेव्हा माणूस हयात होता! हे एकदा कळलं की असली चित्रं बघायची नजरच बदलते, चांगलं पुस्तक हे सांगतंच.

पुढे इटालियन चित्रकार राफाएलने काढलेले पोप ज्युलियस दुसरे बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, थकलेले, नजर खाली, पांढरी लांब दाढी. पोपांच्या ताब्यातलं बोलोन्या शहर युद्धात हातचं गेलं त्या दुःखात त्यांनी दाढी वाढवली आणि 1512 मध्ये काढून टाकली, म्हणून ते चित्र 1511-12 चंच हे नक्की सांगता येतं. एका दाढीत इटलीतलं सगळं युद्ध येतं, यासाठीच तर सचित्र इतिहास घ्यायचा ना.

आणि छपाई तपासायची असेल तर स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझने 1650 मध्ये काढलेल्या पोप इनोसंट दहाव्यांचं पान उघडा, टोपी लाल, खांद्यावरचं वस्त्र लाल, खुर्ची लाल, मागचा पडदाही लाल. हे सगळे लाल वेगवेगळे दिसले तर पैसे द्यायला हरकत नाही.